दोन नोव्हेंबर

ॲपवर तो नुसता वीरू, वय बत्तीस,
फोटोत हेल्मेट. म्हटलं, निदान कायद्याचा माणूस आहे.
अंतर मी पंचवीस किलोमीटर ठेवलेलं,
पण आमच्याकडं तेवढ्यात राज्य बदलतं.
त्याआधी शिनोळीचा एक सापडलेला,
त्याला रेंज येईपर्यंत माझं मन उतरलं.

वीरूनं लिहिलं, एक तारखेला सुट्टी हाय मला, भेटूया?
मी टाइप केलं. पुसलं.
एक नोव्हेंबरला आमचे पप्पा दंडाला काळी फीत बांधतात
आणि त्याच्या गल्लीत लाल-पिवळा झेंडा चढतो.
तिकडंही तीन टिंबं नाचली, थांबली, परत नाचली.
मग आलं :
दोनला चालतंय काय?
चालतंय की.

पिक्चर प्रेमाचा होता.
दोन कोटींच्या शहरात ती दोघं
तीनदा योगायोगानं धडकतात,
दरवेळी कुणाच्यातरी अंगावर कॉफी.
असं कुठं होतंय काय, मी कुजबुजले.
तो हसला, पण विनोद येऊन गेल्यावर.
त्याचं मराठी फाउंड्रीतलं, निम्मं शिव्यांत पिकलेलं,
माझं कन्नड दहावीपुरतं,
मधल्या हिंदीत दोघंही पाहुणे.

उद्यमबागेत पंपाचे भाग ओततो म्हणाला.
मीपण ओतकामच करते, म्हटलं, तुझ्यापेक्षा बारीक.
मेणाचा दात कोरायचा, धातू ओतायचा, वर पोर्सलिन.
म्हणून मला हिरॉइन दिसतच नाही,
तिचे दात दिसतात.
वरचे सगळे एका शेडचे.
अशी माणसं जन्माला येत नाहीत गे, बनवून घेतात.

इंटरव्हलला त्यानं करदंटाचा डबा काढला.
आईला सांगितलंय, गोकाकला पार्टीला भेटायला चाललोय,
पुरावा म्हणून आदल्या दिवशीच आणून ठेवला.
डबा संध्याकाळपर्यंत अर्धा होणार
हे काही त्याच्या हिशेबात नव्हतं.

पडद्यावर हिरो गुडघ्यावर बसला, अंगठी काढली,
आणि शेजारी
कट्ट.
वीरू गप्प. मग रुमालात काहीतरी.
मी मोबाइलची बॅटरी लावली,
मागच्या रांगेतून दोन भाषांत ओरडा आला.
खालची डावी बाजू, सहा नंबर.
आत नखाएवढी तिरकी रेघ.

ही रेघ मी ओढते.
मालक म्हणतात कशाला, आत कोण बघतंय?
कुणी बघत नाही, म्हणूनच ओढते.

तुझं खरं नाव काय, विचारलं.
विरूपाक्ष हुद्दार.
लॅबच्या चिठ्ठीवर मावलं नव्हतं,
मी वि. हु. लिहिलेलं, शेड ए-थ्री,
जरा पिवळट, चहा पिणाऱ्याची.
दोन वर्षांमागं त्याचा प्लास्टरचा जबडा
चार दिवस माझ्या टेबलावर होता.
त्याच्यावर मी बहुतेक मोबाइल टेकवून
जेवताना सिरीयल बघितली असणार.
हे त्याला सांगितलं नाही. अजून नाही.

शेवटी हिरो विमानतळावर पळाला,
विमान थांबलं, सगळे प्रवासी टाळ्या वाजवायला मोकळे.
आम्ही टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटला अडकलो.
त्यानं गाडी बंद केली, हेल्मेट काढलं.
मालगाडी आली.
त्यानं डबे कन्नडमध्ये मोजले, मी मराठीत.
त्याचे एकोणसाठ, माझे अठ्ठावन्न.
चुकलीस तू.
तू इंजिन धरलास.
इंजिन धरत्यात की.
कोण धरतंय?
गेट उघडलं तरी आम्ही तिथंच,
मागचा टेंपोवाला आईबापांपर्यंत पोचला.

आता हे कधी बसवून मिळेल, रुमाल पुढं करत त्यानं विचारलं.
डॉक्टरांचं दहा मिनिटांचं काम.
सिमेंट लावायचं, दाबून धरायचं, झालं.

बघावं लागेल, म्हटलं.
दोन-तीनदा तरी यावं लागेल तुला.