नारिंगी नव्हे, तांबं

धोबीतलावच्या बोळात माझा गाळा, सहा बाय नऊ.
शर्टांच्या पाठीवर नंबर लावतो, शहाऐंशीपासून.
बँकांच्या टीमा, पोलिसांच्या, नागपाड्याच्या पोरांच्या.
स्पेलिंग चुकलं तर पैसे परत, अशी पाटीसुद्धा आहे.

मुताले आला तो दारात वाकून.
कलिन्यात राहतो, औषधांचं शिकतो,
हिंदी रिक्षावाल्यांनी शिकवलेली.
हिरवे शर्ट, अठरा. नंबर ह्या रंगात, म्हणाला,
आणि खिशातून तारेचा एक तुकडा काढून
टेबलावर ठेवला.
मी नारिंगी रीळ दाखवलं. नाही.
विटकरी दाखवलं. नाही.
"मेस्त्री, आमच्या जमिनीत आहे तो. तांबा."

तार घेऊन तांबाकाट्याला गेलो.
तिथे आता सगळं स्टील, पण एका कासाराकडे
मोडीत आलेलं घंगाळ निघालं.
चिंचेनं कोपरा घासून घेतला,
उन्हात त्याच्या पोटाशी धागे लावत गेलो.
चौथा जुळला.

फिलोमिना काजं करते माझ्याकडे, वसईहून येते.
तिनं सुई न थांबवता विचारलं, अकराचा खेळ ना, मग अठरा कसे?
तेव्हा त्यानं सांगितलं, स्टुलावर बसून,
गुडघे टेबलाला लागत होते.

झांबियाची टीम. मॉरिशसला तीन गोल मारून आलेली,
पुढे सेनेगलला निघालेली. लष्कराचं जुनं विमान,
वाटेत गॅबॉनला तेल भरलं, उडालं,
आणि समुद्रात गेलं. तीस माणसं. त्यांत खेळाडू अठरा.
एका इंजिनाला आग लागली, आणि दमलेल्या वैमानिकानं
दुसरंच बंद केलं, असं अहवालात आलं,
दहा वर्षांनी.
बाप खाणीत दगड फोडायच्या मशीनवर.
सुट्टी टाकून लुसाकाला गेला, स्टेडियममध्ये रांगेत उभा राहिला.
घरी आला तो त्याबद्दल बोललाच नाही.

साल? फिलोमिनानं विचारलं.
त्र्याण्णव. एप्रिल.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहिलं नाही.
त्या एप्रिलात आमच्या बोळात
दिवेलागणीआधीच शटरं पडायची.
काम थोडं. जे होतं ते इस्त्रीचं,
टेबलाला रंग लागू नये म्हणून खाली रोजचा पेपर.
आतल्या पानावर दोन बोटं बातमी आलीच असणार.
ती मी भाजली असणार,
न वाचता.

वर्षभरात नवी टीम उभी केली त्यांनी,
आफ्रिकेच्या फायनलला नेली, हरली.
मग कितीतरी वर्षं काहीच नाही.
मुताले नऊ वर्षांचा असताना पुन्हा फायनल,
नेमकी गॅबॉनमध्ये, त्याच समुद्राच्या गावात.
पोरांनी आधी किनाऱ्यावर जाऊन फुलं सोडली.
एकशेवीस मिनिटं गोल नाही. मग पेनल्ट्या.
रांगेत उभे राहून गात होते, म्हणाला,
आठ-सात.
बाप उठला, टीव्हीचा आवाज बंद केला
आणि एकेक नाव घेतलं, अठरा,
हजेरी घ्यावी तसं.

"तुमच्यात खेळणारे किती?"
"चौदा."
"मग चार?"
"बेंचवर ठेवू. घडी करून."
मी बिल चौदाचं केलं. त्यानं पैसे अठराचे मोजले.

आझाद मैदानावर मॅच बघायला गेलो, दुकान तिच्यावर सोडून.
तीन-एक हरले, नागपाड्याच्या पोरांनी धुतलं त्यांना.
बेंचवरच्या घडीतला वरचा शर्ट वाऱ्यानं उलगडत होता,
त्यावर मी माझी पाण्याची बाटली ठेवली
आणि तहान लागली तरी उचलली नाही.

सोमवारी मुताले पुन्हा दारात, वाकून.
नऊ नंबर पाठीवरून सुटलाय.
कसा सुटला? मी घाई केली होती, कडा नुसत्या चिकटवलेल्या.
सांगितलं तसं त्याला.
ठेव इथं, म्हटलं, ह्या वेळी शिवून देतो.
फिलोमिना म्हणाली, तांब्याचं रीळ संपलंय.

मी घंगाळवाल्याला फोन लावला,
विकू नको म्हणालो.