अर्धं काळं वर्तुळ

नळी उजेडात धरायची, तिच्यामागे छापील कागद.
अक्षरं वाचता आली तर बरं.
गढुळात बुडाली तर सिकल.
एवढंच शिकवलं मला डॉक्टर कौतिका रामटेके यांनी
सिंदेवाहीच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत,
जिथं आधी मलेरियाच्या फवाऱ्याचे पंप ठेवत.
कागद म्हणून एसटीचं जुनं वेळापत्रक.
"कोवे, ब्रह्मपुरीची गाडी दिसते का?"
"नाही दिसत, मॅडम."
मग त्या चष्मा पुसत बसायच्या जरा वेळ
आणि पोराच्या आईला आत बोलवायच्या.

भाऊ त्यांचा, दाजिबा, नवव्या वर्षी गेला.
गुडघे धरून रात्ररात्र कण्हायचा.
गाव आधी वात म्हणालं, मग बाहेरचं म्हणालं,
टोळीचं तेल चोळून झालं, कोंबडं कापून झालं.
हे त्यांनी एकदाच सांगितलं, जीप पंक्चर असताना.
पुढं विचारलं तर म्हणाल्या, स्टेपनीत हवा आहे का बघ.

नागपुरात डॉक्टर झाल्या. मग कुठं लांब, बर्फाच्या गावी,
विजेच्या धक्क्यानं रक्ताचे पट्टे पळवायला शिकल्या.
परत आल्या तेव्हा दोन पेट्या होत्या,
कपडे एकीतच.

धान कापणीला आला की आम्ही बांधावरच दुकान मांडायचो.
थर्मासात बर्फ, खोक्यात सुया, मांडीवर रजिस्टर.
पुरुष चौकोन. बाई वर्तुळ. आजारी तो पूर्ण काळा,
ज्याच्या रक्तात नुसतं वाहतं तो अर्धा.
मेलेल्यावर तिरकी रेघ.
एका म्हातारीनं मॅडमचं पेन धरलं होतं:
"त्याच्यावर रेघ नोको मारू जी. राहू दे तसाच."
राहू दिला. रजिस्टरात तो अजून जिवंत आहे,
आणि आकडेवारीत एकाचा फरक.

कुटुंब नंबर सतरा.
सायत्रा मडावीचं पिवळं कार्ड हळदीच्या आधी पोचलं
ते तिच्या बापाच्या हातात, तिथून पानठेल्यावर.
मॅडम वरबापाच्या ओसरीवर गेल्या, तांदळाचे चार दाणे मांडले.
दोघांत असलं तरच भीती, चारांत एक. मुलाचंही रक्त द्या.
"पोराचं कायले? पोरगा धडधाकट हाये आमचा."
दाणे तसेच राहिले. कोंबडीनं खाल्ले.

परदेशी मासिकात लेख आला. आकृती दोन, तिसरी पिढी,
अर्धं काळं वर्तुळ.
वर्तुळाला हात नसतात,
नाहीतर तिनं कार्ड कसं फाडलं तेही छापलं गेलं असतं.
अभिनंदनाची पत्रं आली. मॅडमनी ती उघडली,
पाठकोऱ्या बाजूंवर रिपोर्ट लिहायला घेतले.
त्या वर्षापासून दोन नियम.
कार्ड ज्याचं त्याच्याच मुठीत.
आणि आधी पोरांचं रक्त.
आयटीआयची पोरं रांगेत उभी राहायची, मिशा फुटलेली,
सुई पाहून मागं सरकायची.
"अरे, पोरी पाहतायत," त्या म्हणायच्या. पोरं पुढं यायची.

निवृत्तीच्या दिवशी रजिस्टरं बांधताना
मी शेवटचं पान पाहिलं. नंबर नाही, गाव नाही.
चौकोन, पूर्ण काळा, वर तिरकी रेघ.
शेजारी वर्तुळ. अर्धं.
वर्तुळाखाली रेघ नाही, काही नाही.
मी सुतळी आवळून गाठ मारली.

आता डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला नाही म्हणतात,
म्हणतात, नाव लावलंय, नंबर येईल.
परवा गेलो तर त्यांनी उशाखालून
तेच वेळापत्रक काढलं, घडीवर फाटलेलं,
खिडकीकडं धरलं.
"कोवे, ब्रह्मपुरी नाही दिसत."
आणि हसल्या. "म्हणजे पॉझिटिव्ह."

सायत्रा दारात चप्पल काढत होती. आता आशाताई आहे,
तिच्याच गावची, खांद्याला थर्मास.
कागद हातात घेऊन तिनं बोट फिरवलं.
"साडेतीनची होती जी, मॅडम," ती म्हणाली,
"पण ते गाडी आता बंद झाली."