ड्राइव्ह येईपर्यंत

ड्राइव्ह अजून भिवंडीत. गुरुवारी पोचेल म्हणे सातपूरला.
पण रॅम परत करायची मुदत उद्याच संपते,
म्हणून मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर मांडला,
द्राक्षांची पिशवी टेबलाच्या कडेला सारून.

बटण कुठलं? कॅबिनेटच नाही अजून.
कचेश्वर म्हणाला, त्या दोन पिना बघ,
टेस्टरच्या टोकानं नुसत्या शिव.
शिवल्या.
पंखा अर्धा फिरला, थबकला
(सतरा हजार दोनशे)
मग फिरतच राहिला.

सोळा जीबी. दोन्ही पट्ट्या हजर.
प्रोसेसर अडतीस अंश:
माणसाला ताप म्हणतात, याला बरं आहे.
आणि खाली एकच ओळ,
सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.

कचेश्वर हसला, ‘हे तर आपलंच रे,
कंपनीला टाळं लागलं त्या सोमवारचं.
बूट घातलेले, डबा भरलेला.’
मी पंख्याकडे बघत राहिलो.

तारीख दाखवत होतं
कुठल्याशा जुन्या एक जानेवारीची.
ती तेवढी दुरुस्त केली.
मंगळवार, रात्रीचे दहा सतरा.
वायर काढली.

त्र्यंबक रोडवरचे ट्रक पुन्हा ऐकू यायला लागले.
रुपयाएवढ्या सेलच्या भरवशावर
आत कुठेतरी
दहा अठरा.