छप्पन आय, नऊ

कापडावर डकवलेला नकाशा, घड्यांवर चार ठिकाणी विरलेला.
सर्वेक्षणाचं साल एकोणीसशे बहात्तर.
जीपच्या बॉनेटवर पसरला
आणि कोपऱ्यांवर ठेवलं
होकायंत्र, जेवणाचा डबा, दोन दगड.

पोडामागची टेकडी कागदावर
तपकिरी वेटाळं घालून बसली होती.
नाले काळे, तुटक. काळे म्हणजे कोरडे.
निळा रंग बारमाही पाण्याचा,
आणि या शीटवर निळं
जवळजवळ काहीच नव्हतं.

गोदरू मडावी ढोरं सोडून आला,
वाकून बघत म्हणाला,
"हे कोनाचे केसं व्हय?"

मग मी त्याला सांगू लागले, मला शिकवलं होतं तसं.
रेषा जिथं मोडून अणकुचीदार होते तिथं नाला,
आणि टोक नेहमी
पाणी येतं त्या बाजूला.
रेषा दाटल्या की चढ, पांगल्या की वावर.
एका रेषेपासून दुसरी वीस मीटर वर.
इथं दोन सेंटिमीटरात चार वेळा चढलो,
म्हणजे साडेबारा पावलं पुढं, तर एक पाऊल उंच.

"साडेबारा," तो म्हणाला.
"थे अर्धं पाऊल कोन टाकते?"

आणि त्यानं काठीनं टेकडी दाखवली.
सकाळपासून समोर होती, तरी मी पाहिली नव्हती.
वाळल्या गवतातून आडव्या गेलेल्या वाटा,
एकावर एक, पायऱ्यांसारख्या.
"गाभन गाय कधी सरळ चढत नाई, मॅडम.
थे आडवी जाते. उंची राखून."
मी खाली कागद पाहिला, वर उतार.
वीस मीटर कुठले, हातहातभर अंतरानं
खुरांनी काढून ठेवल्या होत्या
समोच्च रेषा.

मला हवी होती बंधाऱ्याची जागा.
सागाचं पान उलटं धरल्यावर दिसावं तसं होतं शीटवर:
बारक्या शिरा जाड शिरेत,
जाड शिरा देठाकडं.
देठाशी मी पेन्सिलीनं गोल केला.

"तिथं पानी येत नाई."
"कधीपासून?"
"माह्या लग्नाच्या पयलेपासून."

गेलो. नाल्याच्या पात्रात तरोटा माजलेला,
मधोमध एक वारूळ, माझ्या कमरेएवढं,
बिनधास्त.
वर वर चालत राहिलो, जिथं नाला वळतो तिथपर्यंत.
तिथं त्याच्या कुशीला पांदण येऊन भिडते.
कापसाच्या गाड्यांनी खोल केलेली, खांद्यापर्यंत,
मग ट्रॅक्टरांनी आणखी.
पांदण आणि नाला यांच्यामध्ये
मुरमाचा एक पातळ धस होता म्हणे.
एका रात्री तो बसला
आणि नाला पांदणीत उतरून
पलीकडच्या खोऱ्यात निघून गेला.
माझ्या शीटवर त्या दोन खोऱ्यांमधून
जलविभाजक जातो, ठाम, मीच आखलेला.

याला नदीचौर्य म्हणतात.
हजारो वर्षं लागतात, असं मी परीक्षेत लिहिलं होतं
आणि पाचपैकी चार गुण मिळवले होते.

गोदरूनं तोडलेल्या खोडाला फुटलेलं
सागाचं कोवळं पान खुडलं,
तळव्यावर चोळलं. तळवा लालभडक.
मग तेच बोट नकाशावर टेकवून
वळणापासून ओढत नेलं,
माझ्या जलविभाजकावरून, पलीकडं,
"हे असं."

ऑफिसात विचारलं, हा डाग कसला.
म्हटलं, दुरुस्ती आहे.
शीट खराब झाली, दुसरी मागवा, म्हणाले.
मी घडी घालून पिशवीत ठेवली.

डाग आता विटकरी झालाय.
त्याला नाव काय द्यायचं, हे मी गोदरूला विचारलं होतं निघताना.
तो गायीमागं चढत होता, आडवा.
"पांदनच म्हंतो आमी," तिथूनच ओरडला,
"पावसाळ्यात पाय ठेवू नका फक्त."