एक मूठ

बंदर बंद व्हायच्या आधी, हर्णैला,
द्वारका पावसेने बांगड्याची डोकी, आतडी
पोत्यात बांधून दिली. पैसे नको म्हणाली.
"कावळ्यांचा वाटा तुला."

तेवढाच गूळ. निळा पिंप.
एकवीस दिवस झाकण सैल
आणि शेजाऱ्यांची दारं घट्ट.

गाळलं तेव्हा काकवीसारखं,
वास लोणच्याच्या आसपास आलेला.
कृषी सहायक म्हणाला, हेच अमिनो आम्ल,
बाटलीत भरलं की महाग होतं.

वरकसावर सोयाबीन! लोक हसले,
इथे नाचणी लावतात.
आठ ओळी. आषाढात पाणी साचून आठही पिवळ्या.
फुलोऱ्याआधी पंपाला तीस मिली,
चार फवारल्या, चार कोऱ्या.
पाचव्या दिवशी मी पानं बघत होतो;
मांजर चौथ्या ओळीपर्यंत हुंगत आलं,
पुढे गेलं नाही.

नवरात्र उठल्यावर द्वारका आली.
दाणे जमिनीवर ओतून
बाजारात लावते तसे दोन वाटे लावले.
मी काटा आणायला वळलो.
"ऱ्हवंदे," म्हणाली,
एका वाट्यातली मूठ उचलून पदरात बांधली,
"आता सारखे."

वहीत लिहिलं: फरक, एक मूठ.
मग खाली, बारीक अक्षरात:
तिचा हात मोठा आहे.