दोन बोटं सैल

गुरुवारी तो वाटीपाशी गेला
आणि नुसताच उभा राहिला.
मी म्हटलं, फुगलाय.
ताकभात दिला नाही म्हणून.

शुक्रवारी खाली कुणीतरी शिट्टी मारली,
त्यानं मान वळवली
आणि ओरडला.
कुत्र्यासारखा नाही.

पट्टा काढला. केस पाठी सारून बघितले.
गोचीड नाही, जखम नाही, सूज नाही.
बोट टेकवलं की मात्र
अख्खं अंग लाकूड.

तीस वर्षं गळे शिवतेय मी, कन्नमवार नगरात.
पान गळा, मटका गळा, बंद गळा.
बाई दारातून आत आली की सांगते,
डावा खांदा पाव इंच उतरलाय तुमचा.
आणि ज्याचं नाव मीच बटण ठेवलं
त्याच्या मानेत काय आहे, ते मला कळेना.

डॉक्टर वाघधरे बिस्किट फिरवत होते,
वर, खाली, डावीकडे.
मान जागच्या जागी, नुसते डोळे जात होते त्याचे,
पाहुण्यांपुढे बसवलेल्या मुलीसारखे.
पडला होता का?
नाही.
भांडला कुणाशी?
नाही.
पट्टा ओढला गेला का जोरात?
नाही, मी म्हटलं. त्याच सुरात.

फोटो ट्यूबलाइटसमोर धरला त्यांनी.
मणके एकाखाली एक, हुकांच्या पट्टीसारखे.
सगळे जागेवर आहेत म्हणाले.
मग दुखतंय काय?
दुखणं फोटोत येत नाही, ताई.
एमआरआय करता येईल. बेशुद्ध करून. बावीस हजार.
मी मनात भागाकार केला:
ऐंशी ब्लाउज, अस्तराचे.

चाळीस पायऱ्या. त्याला चादरीत घालून
एक टोक मी धरलं, एक इस्त्रीवाल्या रामसूरतनं.
प्रत्येक वळणावर तो म्हणायचा, धीरे, भाभी, धीरे,
जसं काही आम्ही काचेचं कपाट चढवतोय.
जरीनानं पाणी फुंकून दिलं.
तळमजल्यावरच्या गवाणकर काकी म्हणाल्या, दृष्ट काढ.
काढली. मिरच्यांचा ठसका उठला,
खोकून खोकून डोळे भरले माझे.
म्हणजे दृष्ट नव्हती.

मंगळवार होता तो.
एका हातात सावंतबाईंच्या सुनेचे सहा ब्लाउज,
दुसऱ्या हातात हा.
दूधकेंद्राशी मांजर दिसलं त्याला,
आणि मला उशीर झाला होता.
एक हिसका.
रोज देते तेवढाच.
की तेवढाच नव्हता?
हाताला आठवत नाही. हाताला कापड आठवतं,
कापड ओरडत नाही.

दुसऱ्या खेपेला मी सांगून टाकलं.
डॉक्टर पेनचं टोपण लावत, काढत राहिले.
असेल, म्हणाले. नसेलही.
वयानंही होतं. कधी कारण सापडतच नाही.
मला वाटलं होतं, रागावतील.
रागावले असते तर बरं झालं असतं.
अर्धी गोळी, दोन वेळा, जेवणानंतर.
जिना बंद. चोळायचं नाही.
आणि पट्टा नको आता मानेत.

घरी येऊन टेप घेतली.
मान घेतली नाही. छाती घेतली:
तेवीस, आणि पुढच्या पायांमागून साडेचोवीस.
मरून मखमलीचा तुकडा होता उरलेला,
आतून फ्लॅनेल लावलं, टाके हातानं घातले,
मशीनच्या आवाजानं तो दचकतो म्हणून.
दोन बोटं सैल ठेवली.
गिऱ्हाइकांना सांगते ना मी,
श्वासाला जागा ठेवावी, कपडा बसत नाही नाहीतर.

वाटी आता रिळांच्या डब्यावर असते.
आज तो पाच घास जेवला. सहावा सांडला.

बरा झालाय असं नाही.
रात्री तीनला अजून कण्हतो,
आणि मी कॉटवरून हाक मारली
की वर बघायला जातो, अर्ध्यात थांबतो.
म्हणून गादी खाली घेतली मी.
गाल फरशीला लावून झोपते, त्याच्या नाकासमोर.
माझीही मान आखडते सकाळी.
राहू दे.
मला बघायला आता
त्याला मान उचलावी लागत नाही.