वारा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी

जाबोलमध्ये वारा तारखेने येतो.
एकशेवीस दिवस राहतो, भाडं देत नाही.
तो यायच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानात
पाय ठेवायला जागा नसते.
कुणाची दांडी सैल,
कुणाच्या नाकावरचं रबर गळून गेलेलं.
शाळकरी पोरींना हवे असतात
कडांनी बंद, पोहणाऱ्यांसारखे चष्मे,
या शहरात, जिथे पोहण्याजोगं
काहीच उरलेलं नाही.

मी सगळ्यांना तेच सांगते.
काच कोरडी पुसू नका.
आधी पाणी, मग फडकं,
नाहीतर वाळू लिहून ठेवेल काचेवर
आणि तुम्ही जन्मभर तेच वाचत बसाल.
डोळा चोळू नका.
खुपलं तर खुपू द्या, पापणी मिटा,
डोळ्याला त्याचं पाणी आणू द्या,
त्याला त्याचं घर झाडता येतं.
बाजारातला सुट्टा सुरमा नको, त्यात शिसं निघतं.
खिडकीतल्या काटेरी झुडपांवर पाणी मारत राहा,
वारा निदान ओला होऊन आत येईल.
सगळे माना डोलावतात.
उंबरा ओलांडेपर्यंत
निम्म्यांचे हात डोळ्यांवर.

खुदारहम येतो गर्दी सरल्यावर.
हामून सरोवर भरलेलं होतं तेव्हा
तो लव्हाळ्याची होडी हाकायचा,
उभ्याने, एका लांब काठीवर.
अजून चालतो तसाच,
जमीन डुगडुगेल म्हणून
पाय फाकवून.

त्याच्या चष्म्यात काचा नाहीत,
दुधावरची साय आहे.
अकरा वर्षांचा वारा खाल्लाय तिने.
"दुर्दाने, स्क्रू आवळ फक्त,"
दरवर्षी हेच.
"काका, यातून दिसतं तरी काय?"
तो चष्मा चढवतो,
पश्चिमेकडे तोंड करतो.
"पांढरं दिसतं.
चारच्या सुमारास ऊन कललं
की हलतं थोडं."
आणि मग, जरा रागानेच,
"आणखी काय दिसायला हवं?"

यंदा मात्र त्याच्या हातात चिठ्ठी आहे
जाहेदानच्या डॉक्टरांची.
डोळे सुकलेत.
बुबुळावर ओरखडे.
काचा बदला. कृत्रिम अश्रू, दिवसातून चार वेळा.
ती बाटली त्याने रुमालात गुंडाळून आणलीय
अंड्यासारखी.
"एवढंसं पाणी," तो म्हणतो,
"आणि मोजून.
धरणवाल्यांनी पाठवलंय का?"
मी हसते. तो हसत नाही.

मी त्याला न विचारता काचा काढते.
माप घेते, कडा घासते,
नव्या काचा बसतात तेव्हा येणारा
बारीक, नखाएवढा आवाज.
कडांना चामड्याची पट्टी शिवते,
धूळ बाजूनेही शिरते म्हणून.

तो चष्मा घालतो.
दारात जाऊन उभा राहतो.
मी गल्ल्याची मोड मोजायचं निमित्त करते
आणि तीनदा चुकते.
तिथून दिसतं ते मला ठाऊक आहे:
भेगा, टायरांचे माग,
एका बोटीची बरगडी,
एक माणूस गाढवावर, कुठेच न जाणारा.
सगळं स्वच्छ. काठ नि काठ.

बऱ्याच वेळाने त्याने हात पुढे केला.
"जुन्या दे."
मी त्या कागदात बांधल्या.
त्याने खिशात ठेवल्या, छातीकडच्या,
आणि वरून एकदा चाचपल्या.

बाहेर छपराचा पत्रा पहिल्यांदा वाजला.
एक दिवस आधीच.
त्याने मुंडासं सोडून नाकावरून ओढलं,
आणि निघता निघता वळला.
"थेंब उजव्या डोळ्यात आधी, की डाव्या?"
"कुठल्याही, काका.
फक्त बाटलीचं तोंड पापणीला लावू नका.
आणि दार ओढून घ्या."